चार नंबरची भिंत

१७ जानेवारी
साइटवरून

फूटपट्टी,

आधी महत्त्वाचं. मी जिवंत आहे, धडधाकट आहे आणि परत येणार नाही. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी गेली खड्ड्यात. खड्डा इथे तयारच आहे, पाण्याच्या टाकीचा, सहा बाय आठ. मापं मीच घेतली.

मी कुठे असेन सांग? आपल्या बेकरीवर! प्रोजेक्टसाठी आपण दोघं जिच्या बांधकामाची रोजची नोंद ठेवणार होतो, तीच ही इमारत. रिव्ह्यूच्या खोलीतून निघालो तो सरळ बसमध्ये बसलो आणि सकाळी कंत्राटदारासमोर उभा राहिलो. म्हटलं, मला ठेवा.

"शिक्षण किती?"

"तिसऱ्या वर्षापर्यंत. अर्धं."

"मग अजून फार बिघडला नाहीत. या उद्यापासून."

झालं. आता मी सुपरवायझर. गवंडीकाका मला 'साहेब' म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असते, पण म्हणतात.

सरांचं तोंड आठवलं की अजून डोकं फिरतं. सगळ्या वर्गासमोर तुझ्या वेळापत्रकाच्या चार्टवर बोट ठेवून विचारतात, "ही चार नंबरची भिंत शेवटपर्यंत अशी लोंबकळत का ठेवलीय?" तुझा चेहरा असा झाला होता की मला राहवलंच नाही. कुणीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, तिथून वारा खेळता राहतो, प्लास्टर लवकर सुकतं." काय चुकलं माझं? तर हसले! म्हणे, "मग चारही भिंती उघड्याच ठेवा, चोरांचीही सोय होईल." मग मी विचारलं, त्यांनी जन्मात कधी घमेलं उचललंय का. ते विचारल्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. मार्कर फेकल्याचा थोडा आहे, कारण तो तुझा होता.

तू रडली नाहीस ना?

फोन त्याच दिवशी जिन्यावरून खाली टाकला, म्हणून हे पत्र. उत्तर लिही. रोज लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
भडकू

---

२४ जानेवारी
वसतिगृह, खोली नंबर अकरा

भडकू,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. एवढी एकच विनंती आहे आणि तीच विशेष.

मी रडले नाही. तू दार आपटून गेलास तेव्हा कडी निखळून खाली पडली. ती उचलून मी शिपाईमामांना दिली आणि पुढची पंचवीस मिनिटं एकटीने रिव्ह्यू दिला. 'कुणीतरी बोलायला हवं होतं' असं तू लिहिलंयस. बरोबर आहे. ते कुणीतरी मी होते.

आता कामाचं. प्रोजेक्ट दोघांचंच असतं, हा नियम तुला माहीत आहे, निदान असायला हवा. एक जण सोडून गेला तर उरलेल्याने त्याची लेखी संमती आणायची आणि दुसरा पार्टनर घ्यायचा. फॉर्म सोबत आहे. २८ फेब्रुवारीला ऑफिस बंद होण्याआधी तो दिला नाही तर माझं वर्ष गेलं. तुझं वर्ष तू उडवलंस, तुझी मर्जी. माझ्या घरी आधीच 'मुलीच्या जातीला बांधकामावर कशाला जायचंय' हे पारायण चालू आहे. वर्ष गेलं तर बाबा बॅग भरायला स्वतः येतील, आणि पुढच्या वेळी त्या बॅगेत पुस्तकं नसतील.

तेव्हा सही कर. खाली उजवीकडे, चौकटीत.

बरोबर प्रोजेक्टच्या टिपणाची प्रत जोडली आहे, अकरा पानं. रिव्ह्यूच्या आधी वाचायची म्हणून तुला दिली होती तीच, पहिलं पान तेवढं नवं. तू तेव्हा ती न वाचता माझ्या चार्टचे पट्टे रंगवत बसला होतास. आता त्याच साइटवर आहेस तर वाच. उपयोग होईल.

फोन इतक्यात घेऊ नकोस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तुझ्यासमोर माझं वाक्य पूर्ण होतंय.

तुझी प्रोजेक्ट पार्टनर, सही होईपर्यंत,
फूटपट्टी

---

३१ जानेवारी
साइट

फूटपट्टी,

गॉगल?

गॉगल! टिपणाच्या पहिल्याच पानावर तुझ्या नावाखाली त्याचं नाव? टाइप केलेलं? माझी सही व्हायच्या आधी? जो माणूस तळघरातल्या लॅबमध्येही काळा चष्मा काढत नाही, तो तुझ्याबरोबर इमारत बघणार? त्याला वीट दिसते तरी का?

पट्टे मी रंगवत बसलो होतो, खरंय. तुला तो निळा आवडतो म्हणून तसाच निळा मिळेपर्यंत तीन दुकानं फिरलो होतो. ते तुझ्या लक्षातही आलं नसेल.

सही मी करणार नाही, असं म्हणत नाही. करीन. विचार करून करीन. २८ तारखेला अजून महिना आहे आणि माझ्यामागे इथे शंभर भानगडी आहेत.

तुझी अकरा पानंही कामाला आली आहेत. इथल्या शेडमध्ये टेबलाचा एक पाय आखूड आहे, चार्ट काढताना डुगडुगायचं. घडी करून पायाखाली घातली. नेमकी बसली. गॉगलचं नाव खालच्या बाजूला येईल अशी घातलीय.

आणि हो, चार्ट मीही केलाय! शेडच्या पत्र्यावर, खडूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझ्यापेक्षा अकरा दिवस कमी. कंत्राटदार आले, बघत उभे राहिले, म्हणाले, "खरं का हे?" म्हटलं, "बघाच." सरांना सांग, घमेलं उचलणारा माणूस चार्टही काढू शकतो. खरं म्हणजे सांगू नकोस. ते म्हणतील तू माझ्याशी बोलतेस.

थंडी आहे तिकडे? तुझी ती एक खिडकी नीट लागत नाही. शिपाईमामांना सांग, खालच्या बिजागरीत पत्र्याचा तुकडा घालायला. मी घालणार होतो.

तुझाच,
भडकू

---

५ फेब्रुवारी
खोली अकरा

भडकू,

मी हे पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत तुला ज्या नावांनी हाक मारली होती ती पोस्टमनच्या पिशवीत बरी दिसली नसती.

अकरा पानं. टेबलाच्या पायाखाली.

गॉगलचं नाव टाइप करावं लागतं, कारण पार्टनर कोण ते फॉर्मबरोबर दाखवावं लागतं. अख्ख्या वर्गात तो एकटाच मोकळा आहे आणि तो एकटाच का मोकळा आहे हे मलाही कळतं. मला त्याच्याशी लग्न करायचं नाहीये रे बाबा, मला पास व्हायचंय.

ती पानं काढ. टेबल डुगडुगू दे. नववं पान वाच. ते वाचल्याशिवाय चार नंबरच्या भिंतीला हात लावू नकोस. कारण मुद्दाम लिहीत नाही, कारण तू एकदा तरी काहीतरी वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

आणि डायरी. साइटवर रोज काय झालं, किती माणसं होती, कशामुळे उशीर झाला, एवढंच. नोंदी पाठव. मी इथून माझ्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

खिडकी मी स्वतः बसवली. वर्तमानपत्राची घडी घालून. तुझं टेबल आणि माझी खिडकी, दोन्ही कागदावरच टेकलेली आहेत. फरक एवढाच की मी आधी वर्तमानपत्र वाचलं होतं.

सही.

फूटपट्टी

---

११ फेब्रुवारी
साइट, आणि कसली झकास साइट!

फूटपट्टी,

तू लिहिलंस हात लावू नकोस. मी दोन्ही हात लावले.

चार नंबरची भिंत उभी आहे! मागची बाजू, या खांबापासून त्या खांबापर्यंत, खालपासून तुळईपर्यंत, एकही फट नाही. उद्या आतून प्लास्टर. तुझ्या चार्टमध्ये ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. मोज दिवस.

गवंडीकाका कुरकुरले थोडे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ही बाजू बंद केली तर मोठं सामान कुठून घालणार?"

"दारातून. दार काय शोभेला ठेवलंय?"

"दार चार फुटी आहे."

"मग इथे काय दहा फुटी माणसं येणार आहेत?"

त्यांनी ओळंबा उचलला आणि लागले कामाला. जाताना एवढंच पुटपुटले, "आपण शिकलेले." मी म्हटलं, तेच तर.

रोजच्या नोंदी सोबत पाठवतोय, आठवडाभराच्या. 'उशीर' या रकान्यात सगळीकडे शून्य आहे. बघून तुझा ऊर भरून येईल. बेकरीवाल्या बाईही येऊन गेल्या, भिंतीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती भराभर!" मी मनात म्हटलं, जिने म्हणायला हवं ती हे कधी म्हणेल?

नववं पान वाचीन. टेबल जरा रिकामं झालं की काढतो. आत्ता त्यावर चहाची किटली, लेव्हल-ट्यूब आणि माझी दोन्ही कोपरं आहेत.

सहीचं लक्षात आहे. सारखं सारखं लिहू नकोस. तू 'सही' लिहिलंस की मला नुसता गॉगल दिसतो.

तुझाच, दुसऱ्या कुणाचाही नाही,
भडकू

---

१६ फेब्रुवारी
खोली अकरा

भडकू,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी चप्पल न घालता ऑफिसात पळाले आणि तिथून कंत्राटदारांना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्या साहेबांनाच विचारा," आणि फोन तुझ्या हातात दिला.

तू अकरा मिनिटं बोललास. ऑफिसातल्या बाईंनी घड्याळ लावलं होतं, म्हणून माहीत. मी 'ऐक' हा शब्द सहा वेळा उच्चारला आणि 'अरे' किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं. तू मला भिंतीची उंची सांगितलीस, विटांचा आकडा सांगितलास, माझा आवाज फोनवर किती गोड लागतो ते सांगितलंस, आणि मी सातव्यांदा 'ऐक' म्हणणार तेवढ्यात "प्लास्टरवाले आले, ठेवतो" म्हणून ठेवून दिलास. बाईंनी मला पाणी दिलं.

परत फोन करून कंत्राटदारांनाच सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं आणि दहाव्या मिनिटाला तुझी नोकरी गेली असती. नाही सांगितलं. ही माझी चूक आहे आणि ती मी माझ्या डायरीत माझ्या नावावर लिहून ठेवली आहे.

आता कागदावर विचारते. इथे तुला मधे बोलता येणार नाही.

भट्टी कुठून आत जाणार?

फूटपट्टी

---

२१ फेब्रुवारी
साइट

फूटपट्टी,

तुझं पत्र काल दुपारी पोहोचलं. तेव्हा भट्टी क्रेनला लटकत होती.

क्रमाने सांगतो. सकाळी ट्रेलर आला. त्यावर ताडपत्रीखाली एक अख्खी खोली होती असं मला वाटलं. ताडपत्री काढली तर भट्टी. नऊ फूट रुंद, सात फूट उंच, एकसंध पोलाद, कुठे स्क्रू नाही की सांधा नाही. बेकरीवाल्या बाई नटूनथटून आल्या होत्या, बरोबर त्यांची म्हातारी आईसुद्धा, खुर्ची घेऊन, बघायला. क्रेनवाल्याने भट्टी उचलली, हवेत धरली आणि खाली वाकून विचारलं, "दार कुठंय?"

म्हटलं, "हे काय."

त्याने दाराकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तर मांजराचं झालं. भट्टीचं कुठंय?"

बाई माझ्याजवळ आल्या. "असं कसं? मी तर त्या मुलीला सगळी मापं फोनवर दिली होती! नोव्हेंबरात. तुमच्याबरोबर यायची ती. एकेक बाजू दोनदोनदा विचारली तिने. जुळवून वगैरे येते का तेही विचारलं. मी म्हटलं, नाही बाई, अख्खीच येते. म्हणाली, काळजी करू नका, मागची भिंत शेवटी बांधायला सांगू."

तेवढ्यात पोस्टमन. तुझं पाकीट. मी तिथेच फोडलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, शप्पथ.

मग शेडमध्ये गेलो आणि टेबलाच्या पायाखालून अकरा पानं ओढली. किटली पडली. नवव्या पानाला सिमेंट चिकटलंय, पण वाचता येतं. चौथ्या ओळीतच आहे. माप, तारीख, 'म्हणून भिंत क्र. ४ भट्टी आत गेल्यावर'. खाली तुझ्या हाताने पेन्सिलीने: 'सर हे नक्की विचारतील. उत्तर मी देईन.'

विटांच्या ढिगावर बसून ते वाक्य किती वेळा वाचलं, सांगत नाही.

कंत्राटदार आले. मला वाटलं, आता आईबापाचा उद्धार होणार. त्यांनी फक्त विचारलं, "तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलात म्हणालात ना? मोठी वस्तू आधी आत घ्यायची, हे चौथ्या वर्षात असतं का?" त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं होतं.

गवंडीकाकांनी घण आणून माझ्या हातात दिला. "आपण शिकलेले. पहिला घाव आपला."

घातला. पहिला, दुसरा आणि पुढचे बहुतेक सगळे. ती भिंत इतकी चांगली बांधली होती गं. ओळंब्यात, एकेक सांधा भरलेला. फुटता फुटत नव्हती. काका एकदाही हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं." ते म्हणाले, "मी विचारलं होतं. सांगून तुम्ही ऐकता कुठे?"

संध्याकाळी भट्टी आत गेली. बाईंच्या आईने टाळ्या वाजवल्या.

डायरीतलं पान फाडून पाठवतोय, हे असं आहे: 'दि. २० फेब्रुवारी. माणसं सात. काम: चार नंबरची भिंत पाडली, भट्टी आत घेतली. उशीर: नऊ दिवस. कारण: मी.'

आणि फॉर्म. सही केलीय. खाली उजवीकडे, चौकटीत. २८ च्या आत पोहोचेल, म्हणून आजच टाकतोय. गॉगलला सांग, विचारलेलं ऐकत जा. तेवढं तो करीत असेल, चष्म्याने कान झाकले जात नाहीत.

त्या दिवशी मी तुझी बाजू घेतली, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो. गवंडीकाकांनाही. तुझी बाजू तुझ्याजवळ होती. ओठांवर होती. मी ती हिसकावून घेतली आणि वाऱ्याचं काहीतरी बरळलो.

हे तेव्हाच विचारायला हवं होतं, आता विचारतो: तू काय सांगणार होतीस?

भडकू

---

२५ फेब्रुवारी
खोली अकरा

भडकू,

मी सांगणार होते: "सर, बेकरीची भट्टी नऊ फुटी आहे. ती सुटी होत नाही आणि वीस फेब्रुवारीच्या सुमारास येणार आहे. म्हणून."

बस. दहा सेकंदांचं काम होतं.

आता ऐक. म्हणजे वाच.

डायरीचं पान मी सरांना दाखवलं. तुला न विचारता, हो. त्यांनी चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून परत वाचलं. म्हणाले, "बावीस वर्षं मी मुलांना उशिराची कारणं लिहायला शिकवतोय. पाऊस लिहितात, मजूर लिहितात, सिमेंट लिहितात. हे पहिल्यांदा वाचलं." मग जरा वेळाने, "याला बोलवा. आणि येताना कडी बसवायचं सामान घेऊन ये म्हणावं. दार अजून कडीशिवाय लोंबकळतंय."

ऑफिसातल्या बाईंनी हजेरीपट काढून दाखवला. तुझं नाव आहे, माणूस तेवढा नाही. एवढ्या दिवसांची गैरहजेरी सरांच्या सहीने माफ होते. पण आधी त्यांची माफी मागायची. तोंडी, एका वाक्यात. त्या वाक्यात घमेलं येता कामा नये.

तुझा फॉर्म मिळाला. सही बरोबर जागी आहे. इतकी नीट सही मी तुझी कधी बघितली नव्हती. तो माझ्या वहीत आहे, ऑफिसात नाही. २८ ला साडेचारपर्यंत तो वहीतच राहील. त्याच्या आत तू ऑफिसच्या दारात दिसलास तर मी तो फाडीन. नाही दिसलास तर देऊन टाकीन आणि गॉगलबरोबर पास होईन. रडत बसणार नाही, हे तुला माहीत आहे.

कंत्राटदारांशी मी बोलले. ऑफिसच्याच फोनवरून, दोन मिनिटं. ते म्हणाले, "भिंत परत बांधून दिली की सोडतो. पोरगा वाईट नाही, फक्त त्याला बंद करायचं बटण नाही." आज रात्रीच्या गाडीने एक मुलगी तिकडे घरी चाललीय, तिच्या हाती हे पत्र देतेय. म्हणजे तुझ्या हातात एक दिवस आहे आणि एक भिंत.

रिव्ह्यू परत होणार आहे, सहा मार्चला अकरा वाजता. चार्ट मी मांडीन. तू फळ्याच्या डाव्या बाजूला उभा राहशील आणि तोंड उघडणार नाहीस. सर चार नंबरच्या भिंतीशी आले की मी थांबेन. त्या भिंतीचं उत्तर तू दे. मला फक्त मापं माहीत आहेत. ती पाडलीस तू.

आणि रिव्ह्यू संपल्यावर मला तुझ्याशी एक बोलायचंय. चार्टचं नाही. तो निळा माझ्या लक्षात आला होता, पहिल्याच दिवशी. बाकीचं कागदावर लिहिणार नाही, समोर बोलीन. वेळ लागेल मला, मी तुझ्यासारखी घडाघडा बोलत नाही. तेव्हाही मधे बोलू नकोस.

तुझी,
फूटपट्टी

---

२६ फेब्रुवारी
साइट

बरं.

भडकू